चित्रात हबशी आहे, पण चित्र कोणाचं आहे?

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात एक मुघल चित्र आहे, साधारण १६१६ मधलं. काढणारा अबुल हसन, जहांगीर बादशहाचा लाडका चित्रकार. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. हातातलं धनुष्य ताणलेलं. समोर भाल्याच्या टोकाला खोचलेलं एका काळ्या माणसाचं मुंडकं आणि त्यावर बसलेलं घुबड. हे मुंडकं मलिक अंबरचं, म्हणजे अहमदनगरची निजामशाही सांभाळणाऱ्या आफ्रिकी सेनापतीचं.

चित्र रंगवलं जात होतं तेव्हा मलिक अंबर चांगला जिवंत होता. पुढची दहा वर्षं त्याने मुघल सरदारांना दख्खनमध्ये नाकीनऊ आणलं आणि १६२६ मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, तो आपल्या मरणाने गेला. जहांगीरची आणि त्याची उभ्या आयुष्यात गाठ पडली नाही. रणांगणात जमलं नाही ते बादशहाने कागदावर उरकून घेतलं, दुसरं काय!

जगाच्या इतिहासातल्या कृष्णवर्णीयांबद्दल बोलायचं तर मी इथूनच सुरुवात करेन. कारण हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर एकच देखावा येतो: अमेरिका, कापसाचे मळे, साखळदंड. तो खोटा नाही. १५०१ ते १८६६ या काळात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंबलं गेलं आणि त्यातले सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरले. पण तेवढाच इतिहास धरला, तर इजिप्तवर राज्य करणारे कुशचे राजे कुठे बसवायचे? इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आजच्या सुदानमधून ते उत्तरेला आले आणि इजिप्तचे फेरो झाले. इजिप्तच्या राजवंशांत त्यांचा नंबर पंचविसावा. जर्मनीत माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला संत मॉरिसचा पुतळा आहे; अंगात चिलखत आणि चेहरा स्पष्ट आफ्रिकी. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय कर्णेवाला पगारावर होता आणि १५११ च्या एका चित्रपटात, म्हणजे कातड्याच्या लांबलचक गुंडाळीवर, घोड्यावर बसून कर्णा फुंकताना तो दिसतो.

माणसं होती, हा मुद्दा फार ताणायची गरज नाही. सगळीकडे होती. खरा प्रश्न पुढचा आहे: ती आपल्यापर्यंत कोणाच्या हातून पोहोचली? रंग, कागद, शाई आणि चित्रकाराचा पगार कोणी दिला? एकाच समुद्रातून, एकाच शतकात आलेल्या आफ्रिकी माणसांची चित्रं दौलताबादेत एक आणि गोव्यात दुसरीच दिसतात, ती त्यामुळे. म्हणून जगभर न फिरता आपल्याच किनाऱ्यावर थांबू.

दख्खनला हबशी का हवे होते?

अरबी समुद्राच्या पलीकडून आफ्रिकी लोक इथे येणं फार जुनं. सगळे गुलाम म्हणून आले असंही नाही. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता सांगतो की या समुद्रावर जहाजांच्या रखवालीसाठी हबशी शिपाई ठेवत आणि जहाजावर एक जरी हबशी असला तरी चाचे वाटेला जात नसत. बंगालमध्ये तर १४८७ ते १४९३ या सहा-सात वर्षांत हबशी सुलतानच गादीवर होते.

पण सोळाव्या शतकात दख्खनमध्ये जे हबशी मोठ्या संख्येने आले ते विकत घेतलेले होते. यामागे एक साखळी आहे. इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात १५२९ ते १५४३ या काळात ख्रिस्ती राजा आणि किनाऱ्याकडचे मुसलमान यांच्यात मोठं युद्ध पेटलं. युद्ध म्हटलं की कैदी आले आणि कैद्यांना गिऱ्हाईक होतं. तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत हिंदुस्थानचं सुती कापड उतरायचं आणि परतीच्या गलबतांत माणसं चढायची. तुमच्या-आमच्याकडच्या मागावर विणलेलं कापड त्या व्यवहारात चलनासारखं वापरलं जात होतं. हे आपण सहसा बोलत नाही.

दख्खनी सुलतानांना ही माणसं हवी होती लष्करासाठी. त्यांच्या दरबारात दोन तट असायचे: इथे मुरलेले दख्खनी आणि इराण-तुराणातून नव्याने येणारे परदेशी. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाचं गाव असं करत प्रत्येक सरदार आपला गट वाढवायचा. हबशी गुलामाला इथे ना भाऊबंद ना गाव. तो मालकाशी बांधलेला आणि म्हणून भरवशाचा. त्याला घोडेस्वारी, हत्यारं, हिशेब, फारसी शिकवली जाई. मालक मेला की बहुधा सुटका, मग चाकरी, मग जहागीर. मळ्यावरच्या गुलामगिरीत आईची गुलामी मुलाच्या गळ्यात पडत असे. इथे तसं सहसा घडत नसे. तरी याला मऊ गुलामगिरी म्हणायला माझं मन घेत नाही. दहा-बारा वर्षांचं पोर आईबापांपासून तोडून बाजारात उभं केल्याशिवाय हा प्रवास सुरूच होत नव्हता.

मलिक अंबर तसाच आला. जन्म १५४८ च्या सुमाराचा, मूळ नाव चापू. मोखा बंदरात तो ८० डच गिल्डरांना विकला गेला असं एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. तिथून बगदाद. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीजखान स्वतः हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलाम! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, विजापूरला चाकरी करून ‘मलिक’ किताब मिळवून आला आणि १६०० मध्ये नगरचा किल्ला मुघलांनी घेतला तेव्हा निजामशाहीचं उरलंसुरलं राज्य त्याने उचलून धरलं. परांड्याला एका शहजाद्याला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली, आणि पुढची पंचवीस वर्षं कारभार स्वतः केला. खडकी गाव वसवलं १६१० मध्ये. तेच पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर शहराने कित्येक पिढ्या वापरली.

गादीवर तो स्वतः कधी बसला नाही. सैन्य त्याचं, तिजोरी त्याच्या हाती, पण छत्र मात्र निजामशहाच्याच डोक्यावर धरावं लागे. वर चढायला वाट होती, शेवटची पायरी मात्र नव्हती. त्या डच व्यापाऱ्यानेच, पीटर व्हान डेन ब्रुकने, एक हकीकत नोंदवली आहे. निजामशहाची थोरली बेगम इराणी, गोरी. तिने अंबरच्या मुलीला, म्हणजे आपल्या सवतीला, एकदा काफर दासी म्हणून हिणवलं आणि तिच्या बापाचाही उद्धार केला. मुलीने हे वडिलांच्या कानावर घातलं. पुढे निजामशहा आणि ती बेगम दोघंही विषप्रयोगाने मेली. दरबारातली कुजबुज आहे, तिचं काय किती खरं ते सोडा. पण राज्याचा सर्वेसर्वा झालेल्या माणसाच्या लेकीलाही कातडीवरून आणि बापाच्या भूतकाळावरून टोमणा बसत होता, एवढं त्यातून दिसतं. दख्खनमध्ये रंगाचा भेद नव्हताच, असं हल्ली कौतुकाने लिहिलं जातं. ते जरा जपून वाचावं.

शत्रूने काढलेलं, मित्राने काढलेलं

जहांगीरच्या आठवणींत अंबरचं नाव सहसा शिवीशिवाय येत नाही. काळतोंड्या हे त्यातलं नेहमीचं. आणि तरीही त्याच दरबारातल्या हाशिम नावाच्या चित्रकाराचं अंबरचं एक व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाशिम दख्खनमध्ये घडलेला. त्याच्या चित्रात घुबड नाही, भाला नाही. पांढरा जामा घातलेला एक भारदस्त वयस्क सरदार बाजूने दिसतो. अंबर गेल्यावर मुघल बखरकार मुतमदखान यानेही लिहिलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. मेलेल्या शत्रूचं कौतुक करायला काही लागत नाही म्हणा. पण हाशिमचं चित्र अंबरच्या हयातीतलं मानलं जातं.

विजापुरात तर आणखी वेगळं दिसतं. मुहम्मद आदिलशहाचा वजीर इखलासखान हबशी होता. १६४५ च्या सुमाराला हैदर अली आणि इब्राहिम खान या दोन चित्रकारांनी मिळून काढलेल्या चित्रात सुलतान आणि इखलासखान एकाच हत्तीवर बसून चालले आहेत. जरतारी कपडे दोघांचेही. इखलासखानाची इतरही बरीच चित्रं सापडली आहेत. कारण उघड आहे: तो चित्रकारांना पोसू शकत होता.

बायका मात्र कुठेच दिसत नाहीत. अंबरची बायको बीबी करीमा हिची कबर खुलताबादला नवऱ्याच्या कबरीजवळ आहे. तिचा चेहरा कुणी रंगवलेला नाही.

आता घाट उतरून गोव्यात या. यान हुइखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्याला आला. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये चित्रांसह छापलं गेलं आणि युरोपभर खपलं. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी लिलाव भरायचा, त्यात घोडे, जिन्नस आणि गुलाम एकाच हाकेत विकले जायचे, हे त्याने पाहून लिहिलंय. चित्रांत पोर्तुगीज साहेब घोड्यावर किंवा पालखीत, आणि बाजूला छत्री धरून चालणारा गुलाम. त्या गुलामाला नाव नाही. साहेब किती मोठा हे दाखवण्यापुरतं त्याचं काम. दौलताबाद आणि गोवा यांत अंतर ते किती? काळही तोच. एकीकडे हबशी सेनापती छत्राखालच्या राजाला बसवतो-उठवतो, दुसरीकडे आफ्रिकी माणूस उन्हात छत्री धरून उभा आहे.

ही छत्री पार जपानला पोहोचली. पोर्तुगीज जहाजं नागासाकीला येऊ लागली तेव्हा तिथल्या चित्रकारांनी घडीच्या मोठ्या पडद्यांवर ती रंगवली: लांब नाकाचे, फुगीर विजारींचे व्यापारी आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारे काळे नोकर. यासुके नावाचा आफ्रिकी माणूस त्याच वाटेने गेला, भारतातून निघालेल्या वालिन्यानो या जेझुइट पाद्र्याबरोबर. १५८१ मध्ये क्योटोत त्याला बघायला इतकी झुंबड उडाली की दारं मोडली. सरदार ओदा नोबुनागाला वाटलं, अंगाला शाई लावली असेल. त्याने त्याला कमरेपर्यंत उघडं करून धुवायला लावलं! रंग निघेना तेव्हा त्याला चाकरीत ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी नोबुनागाचा अंत झाला आणि त्यानंतर यासुकेचा माग फार लवकर पुसट होतो. आजच्या खेळांत आणि कार्टूनपटांत दिसणारा यासुके बराचसा कल्पनेतला आहे.

चित्रात असलेल्या माणसानेच कुंचला धरला, असं एक उदाहरण स्पेनमधलं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. हुआन दे पारेहा हा व्हेलास्केस या चित्रकाराचा गुलाम होता. व्हेलास्केसने १६५० मध्ये रोममध्ये त्याचं जे व्यक्तिचित्र काढलं ते आज न्यू यॉर्कच्या मेट संग्रहालयाचं भूषण आहे. त्याच वर्षी पारेहाच्या सुटकेचा कागद झाला. तो स्वतंत्र चित्रकार झाला आणि १६६१ मध्ये येशू संत मॅथ्यूला बोलावतो त्या प्रसंगाचं भलंमोठं चित्र काढलं. त्यात डाव्या कडेला स्वतःलाच उभं केलं. हातात कागदाचा कपटा, आणि कपट्यावर सही.

मराठी आठवणीतले सिद्दी

आपल्याकडे एक मजेशीर गोष्ट आहे. मलिक अंबरबद्दल मराठी मनात आदर आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले, आणि परमानंदाच्या शिवभारतात त्या लढाईचं वर्णन करताना अंबरचा गौरवच आहे. गनिमी कावा आणि जमिनीची मोजणी या दोन्ही बाबतींत त्याचं नाव शाळेच्या पुस्तकापासून ऐकलेलं असतं.

सिद्दी हे या हबशांचंच दुसरं नाव. पण सिद्दी म्हटलं की मात्र आठवतो तो जंजिरा आणि पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. दोन्ही खरंच आहे. जंजिऱ्याचं राज्य शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जिंकता आलं नाही आणि ते थेट १९४८ पर्यंत टिकलं. पण पन्हाळ्याच्या त्याच वेढ्याच्या वेळी बाहेरून जौहरच्या फौजेवर चालून जाणाऱ्यांत सिद्दी हिलाल होता, महाराजांच्या बाजूने. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी बरोबर नेलेल्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम होता. म्हणजे ‘सिद्दी’ असा एकसंध पक्ष कधी नव्हताच. त्या काळच्या मराठा सरदारांसारखेच तेही जिथे चाकरी, तिथे तलवार. कादंबऱ्या-नाटकांत मात्र जंजिऱ्याचा सिद्दी उरला आणि हिलाल एखाद्या ओळीत आटोपला.

आणि नाशिकचे आफ्रिकी तर आपल्याला माहीतच नसतात. नाशिकमधला शरणपूर रोड सगळ्यांच्या पायाखालचा. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीची १८५४ मधली वसाहत. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवायचं. त्यातल्या कित्येकांना शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात धाडलं जाई. तिथे वाचन-लेखन, सुतारकाम, लोहारकाम आणि बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेतल्या याओ समाजातला हा मुलगा नाशिकला शिकला.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी मेला. बरोबरच्या माणसांनी, म्हणजे चुमा, सुसी, वेनराइट आणि इतरांनी ठरवलं की प्रेत इंग्लंडला पोहोचवायचं. हृदय झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव कोरलं. प्रेत मीठ लावून उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं. नऊ महिने ते खांद्यावर वाहत दीड हजारांवर किलोमीटर चालून ही मंडळी १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोला समुद्रकाठी पोहोचली. वाटेत माणसं आजारी पडली, मेली. वेनराइट या प्रवासाची रोजनिशी लिहीत होता. एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी लंडनला पोहोचले ते दफन उरकल्यावर.

शवपेटीपाशी असलेल्या वेनराइटचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पण ते छायाचित्र लिव्हिंग्स्टनचं आहे, वेनराइटचं नाही. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना त्याच्यात हवा होता तो इमानी नोकर. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने या माणसांसाठी ६० पदकं पाडली, त्यावर ‘शेवटपर्यंत एकनिष्ठ’ अशा अर्थाची अक्षरं. पदकं तयार होईपर्यंत पुष्कळसे जण पांगलेले होते. एवढी मोहीम आखणं, वाटेतल्या गावांशी बोलणी करणं, प्रेताच्या नावाने लोक घाबरतात म्हणून युक्त्या लढवणं, हे सगळं एकनिष्ठ या शब्दात बसत नाही. ते नेतृत्व होतं. पुढे १८७४-७५ मध्ये नाशिकच्या यातल्या अनेकांना मोंबासाजवळ नव्या वसाहतीत नेलं. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रियरटाउन नाव पडलं आणि तिथे या लोकांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणू लागले.

जे इथेच राहिले त्यांचं काय? गुजरातेत गीरजवळच्या जांबूरमध्ये आणि कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी आहेत. कर्नाटकातल्यांचे पूर्वज बरेचसे गोव्याच्या पोर्तुगीजांकडून घाट चढून पळालेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत, आणि घरची बोली कोकणीच, मराठी-कानडी मिसळलेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रीडा खात्याला अचानक यांची आठवण झाली. आफ्रिकी रक्त आहे म्हणजे धावणारच, अशा हिशेबाने पोरं निवडून प्रशिक्षण केंद्रांत नेली, काहींनी चांगली पदकंही आणली, आणि थोड्या वर्षांत योजना गुंडाळली गेली. जांबूरला पर्यटक येतात ते धमाल नाच बघायला, अंगाला रंग आणि मोरपिसं लावलेला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नेमले गेले, समाजातले पहिले आमदार. त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये त्यांच्या वनवासी भागातल्या कामाइतकीच जागा त्यांच्या पूर्वजांच्या आफ्रिकेला मिळाली होती.